कोड येत नाही म्हणे

अण्णा, आता गाडीत कॉम्प्युटर असतो. काही बिघडलं की स्पीडच्या काट्याशेजारी पिवळा दिवा लागतो, मेकॅनिक स्टिअरिंगखाली वायर खुपसतो आणि हातातल्या यंत्रावर आकडा येतो. त्याला कोड म्हणतात. कोड बघायचा, पार्ट बदलायचा, पुढची गाडी घ्यायची. तुम्ही असता तर एवढंच म्हणाला असता, की बरं झालं, इंजिनं ऐकून कान दुखायचे. पण माझी गाडी चालता चालता मरत होती आणि दिवा लागत नव्हता, कोड येत नव्हता. घरात हे ऐकून ऐकून सगळे कंटाळले, म्हणून तुम्हाला सांगायला बसलेय. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, वाकडंतिकडं येईल. तुम्ही काय बघायला येणार आहात का?

तुमच्या जावयांच्या कंपनीत नवी मशिनं आली आणि माणसं जास्त झाली. स्वेच्छानिवृत्ती म्हणतात, पण त्यांची इच्छा कुणी विचारली नव्हती. आलेल्या पैशांत आम्ही व्हॅन घेतली. ते चालवणार होते, पण साखरेने त्यांच्या डोळ्यांवर पडदा आणला, मग स्टिअरिंगवर मी बसले. येरवड्याहून निघायचं, कर्वेनगरात एकेका स्टॉपवर हॉर्न वाजवून पोरी घ्यायच्या, चांदणी चौकातून बायपासने हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत सोडायच्या. बाई चालवते म्हणून पोरींचे आईबाप खूश, कंपनी खूश. सासूबाई असत्या तर त्या नसत्या झाल्या. तुम्ही माझ्या लग्नात भांड्यांऐवजी पान्यांचा संच दिलात तेव्हा त्या भर मांडवात म्हणाल्या होत्या, "सून आणतोय की प्लंबर?" तुम्ही म्हणालात, "नळ गळायला लागला की कळेल." त्या संचावर, त्या गाडीवर आमचं घर चाललं होतं. दुसरं काही नाही हो आमच्याकडे.

आणि ही गाडी बायपासच्या चढावर पहिल्यांदा मेली. आधी दम लागल्यासारखी झाली, पाय दाबला तरी ओढेना, मग गप्प. मागून कंटेनर येतोय, त्याचा हॉर्न अजून माझ्या पाठीत आहे. उतरत्या वेगात मी तिला कशीबशी कडेला घेतली. पोरी ओरडायच्या थांबल्या आणि मोबाइल काढून बसल्या. मी स्टार्टर मारत राहिले, बॉनेट उघडून सगळ्या वायरी दाबल्या, परत स्टार्टर मारला आणि बऱ्याच वेळाने ती अशी सुरू झाली जशी काही झालंच नाही. पुढे आठवडाभर लोण्यासारखी. मग परत तेच, जवळपास त्याच चढावर.

गॅरेजवाल्याने वायर लावली. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला. म्हणाला, "काकू, गाडीत काही नाही."

"मग बंद कशी पडते?"

"माझ्यासमोर पडली का?"

तो तिला घेऊन सिग्नलपर्यंत चक्कर मारून यायचा, ती त्याच्यासमोर शहाण्या सुनेसारखी चालायची. तरी त्याने प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंप बदलला, कुठला तरी सेन्सर बदलला. प्रत्येक वेळी गाडी दोन-चार दिवस सरळ आणि मला वाटायचं, सुटलो. मग परत चढावर दम. शेवटी त्याने मला यंत्रातून निघालेला कागदच दिला, बिघाड नाही असा. मी शहाणी, तो कागद नेऊन कंपनीच्या सुपरवायझरला दाखवला, की बघा, गाडी चांगली आहे, काढू नका. त्याने वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "मॅडम, गाडीत प्रॉब्लेम नाही असं तुम्हीच लिहून आणलंय. म्हणजे प्रॉब्लेम चालवण्यात आहे. परत एकदा पोरींना उशीर झाला तर गाडी बंद करतो." घरी आले तर तुमचे जावई अंधारात टीव्ही ऐकत बसलेले. ते म्हणाले, "क्लच नीट सोडत नसशील." अण्णा, तेव्हा मला हातातलं ताट भिंतीवर मारावंसं वाटलं. बिघाड आहे हे फक्त मला माहीत, आणि कागदावर बिघाड मीच. मला रात्री डोळे मिटले की चढ दिसायचा.

तेव्हा तुमचं गॅरेज आठवायला लागलं. गॅरेज कसलं, मार्केट यार्डाच्या भिंतीला टेकवलेला पत्रा. कांद्याचा वास, हमालांच्या शिव्या, ओल्या गोणपाटावर तुम्ही. शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन यायचे आणि मग डबा नुसता निमित्ताला राहिला, कारण गाडीच्या केबिनमध्ये बसून एक्सिलेटर दाबायला तुम्हाला कुणीतरी हवं असायचं. "दाब," तुम्ही म्हणता. मी दाबते. "सोड." मी सोडते. तुम्ही इंजिनाजवळ उभे, दोन्ही हात काखेत गच्च धरलेले, थंडी वाजतेय असे. हात लावायचा नाही, हा तुमच्याकडचा कायदा. गाडी जशी आली तशी आधी ऐकायची, बघायची, बिघाड आपल्या पायाने समोर येईपर्यंत तिला बोट लावायचं नाही. ज्याची गाडी त्यालाही हात मागे बांधून उभं करायचात. एक टोमॅटोवाला चिडून म्हणाला होता, "अण्णा, गाडी दुरुस्त करताय की आरती ओवाळताय?" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "घाई असेल तर समोरच्या गॅरेजला जा. तिथे घाईचे वेगळे घेतात."

मला हे कधी पटलं नाही. माझ्या अंगात दम नाही, आईही तेच म्हणायची. एकदा कुठला तरी टेम्पो खोकत होता, तुम्ही ऐकत उभे, मला कॉइलची वायर सैल दिसली. मी खाली उतरले आणि ती दाबली. खोकला बंद. ड्रायव्हर म्हणाला, "पोरगी हुशार आहे तुमची." तुम्ही तेलाचा ओला बोळा माझ्या हातावर फाडकन मारलात. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. "हात लावलास की ते लपतं," तुम्ही म्हणालात. "आता ते मालासकट घाटात निघेल." मला अजूनही वाटतं, मारायला नको होतं. वायर सैल होती, दिसत होती, दाबली. माझं काय चुकलं?

आणि तुम्हालाही सगळं सापडायचं असं नाही. ती पिवळी टॅक्सी आठवते का? हात काखेत धरून तुम्ही तिच्यापुढे दिवसच्या दिवस काढलेत, शेवटी मालकाने ती ओढून नेली आणि जाताना यार्डाला ऐकू जाईल असं बोलला. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. म्हणजे तुमची पद्धत काही देवाची नव्हती. पण माझ्याकडे दुसरं काय उरलं होतं? बदलायला पार्ट उरले नव्हते. मी माझ्या गाडीला गेले काही महिने नुसती चाचपत होते, दाबत होते, हलवत होते, आणि ती प्रत्येक वेळी बरी होत होती. कशाने बरी झाली हे मला एकदाही माहीत नव्हतं.

मग तो सोमवार. चढाला लागलो आणि तिला दम लागला. मागच्या सीटवरची एक पोरगी, चष्म्याची, ती नेहमी देवाचं काहीतरी पुटपुटते, ती म्हणाली, "काकू, प्लीज, आज नको." मी गाडी कडेला घेतली. वेळ हातात होता. नेहमीसारखा स्टार्टर मारत राहिले असते तर ती सुरू झाली असती, आम्ही पोचलोही असतो कदाचित, आणि मी परत दोन दिवस सुटले असते. पुढच्या वेळी मागे कंटेनर असता. मी किल्ली काढून घेतली. मागून आमच्याच कंपनीची दुसरी जीप येत होती, तिला हात केला. पोरींना म्हटलं, "उतरा. त्यात बसा."

जीपवाला ओरडला, "मावशी, वेड्या झाल्यात का? स्टार्टर मारा ना! मला सुपरवायझरला फोन करावा लागेल."

"कर."

"गाडी बंद करतील तुमची!"

"ती बंदच आहे."

तो गेला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, कारण काखेत धरले तरी ते सुटत होते. तुम्हाला सांगते, हात न लावता बसणं म्हणजे काय असतं ते मला पहिल्यांदा कळलं. फोन वाजत होता, सुपरवायझरचं नाव दिसत होतं. उचलला नाही. डोक्यात फक्त एकच, की मी आत्ता माझ्या हाताने घर बुडवलं आणि कदाचित काहीही सापडणार नाही. गाड्या जात होत्या. इंजिन निवत होतं, त्याची टिकटिक ओळखीची होती. मग रस्ता क्षणभर मोकळा झाला आणि मागून, खालून, पत्रा वाजला. टुक्. दाबलेला डबा आपोआप फुगावा तसा. थोड्या वेळाने परत, टुक्.

अण्णा, हा आवाज गॅरेजातला नाही. स्वयंपाकघरातला आहे. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल येता येता थांबतं, पत्रा आत ओढला जातो, म्हणून आपण समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो. मी उतरून मागे गेले. आमच्या वस्तीत रात्री गाड्यांतलं पेट्रोल काढून नेतात, म्हणून गाडी पहिल्यांदा मरायच्या थोडं आधी मी नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानातून किल्लीचं झाकण आणून टाकीला बसवलं होतं. मूळच्या झाकणात हवा आत घेणारी बारीक झडप असते. यात नुसता पत्रा आणि रबर, चोर आणि हवा दोघांनाही बंद. किल्ली फिरवून झाकण सैल केलं तर टाकीने असा श्वास ओढला, लांब, की माझे केस उभे राहिले. जितकं पेट्रोल जळत होतं तितकी टाकी आतून आवळत होती, शेवटी पंपाला पेट्रोल मिळेनासं व्हायचं. थांबलं की रबरातून हळूहळू हवा शिरायची आणि मी समजायचे, मी वायर दाबली म्हणून सुरू झाली. ज्या दिवशी वाटेत पेट्रोल भरायचे त्या दिवशी ती कधीच बंद पडली नव्हती. पेट्रोल पंपावर मी किल्ली खिडकीतून देते आणि पैसे मोजत बसते, टाकीचा श्वास कुठे ऐकणार? यंत्राचा दोष नाही, टाकीच्या झाकणाला वायर जोडलेली नसते. झाकण सैल ठेवून स्टार्टर मारला, पहिल्या फेरीत सुरू.

मी तिथे रस्त्याकडेला हसले, मग रडले, मग फोन केला. सुपरवायझरला सगळं सांगितलं, तेलाच्या डब्यासकट. तो ऐकून घेत होता, मला वाटलं पटतंय. म्हणाला, "मॅडम, पोरी दुसऱ्या गाडीने पोचल्या. तुमची जागा भरली. झाकण सापडलं ते बरं झालं." त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. राग असता तर भांडले असते.

आता गाडी दारात उभी आहे, एकदम ठणठणीत, जुनं झाकण लावलेली. चांगल्या गाडीला काम नाही, बिघडलेलीला होतं. तुमचे जावई चाचपडत येऊन तिच्या दारावर हात फिरवतात आणि म्हणतात, मिळेल दुसरीकडे. दुसरीकडे विचारलं, तर आधीच्या कंपनीने का काढलं ते विचारतात. झाकणामुळे म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघतात. खोटं सांगता येईना आणि खरं ऐकून कुणी ठेवेना. परवा एकाने मला विचारलं, शिकलात किती. मी म्हटलं, ऐकण्यापुरतं. त्याला कळलं नाही, बरंच झालं. किती दिवस असं चालेल ते मला ठाऊक नाही अण्णा, आणि हात मागे बांधून बसायची माझी ताकद त्या एका सकाळीच संपली.

हे कागद कुठे पाठवायचे? शेगडीखाली अंथरायला चांगले आहेत, तेल सांडलं तर सुकवतील. एक गोष्ट राहिली. काल पहाटे मी घरात सांगितलं की गाडीची लांबची ट्रायल घेऊन येते. ट्रायल त्या सोमवारीच झाली होती. मी रिकामी गाडी घेऊन कर्वेनगरात गेले आणि पोरींच्या प्रत्येक स्टॉपवर थांबले. हॉर्न मात्र वाजवला नाही.