बदलून आलेला तांब्या

जर्सी सिटी
मंगळवार

प्रिय सावनी,

फोनच करणार होतो, दोनदा लावलाही. पण तू उचललास की मी हवापाण्याचं विचारतो, तू "बाबा, लॅबमध्ये आहे, नंतर करते" म्हणतेस आणि सांगायचं ते पोटातच राहतं. म्हणून कागद घेतला. सकाळपासून दोनदा चहा केला, एकही धड प्यायलो नाही. तुझी आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का? बसा एका जागी." बसलोय. शुक्रवारी दुपारपर्यंत मला वाचनालयातलं एक लेबल दुरुस्त करून द्यायचं आहे आणि हात धजावत नाही, एवढंच झालंय.

निवृत्तीनंतर घरात तुझ्या आईचं डोकं खाण्यापेक्षा बरं, म्हणून मी वाचनालयातल्या स्थानिक इतिहासाच्या खोलीत जायला लागलो, हे तुला ठाऊक आहे. फेब्रुवारीत तिथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे कार्यक्रम असतात. यंदा ग्रंथपाल बाईंनी टूम काढली, की वॉर्डातल्या जुन्या लोकांनी घरातली एक वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची. वस्तू काचेच्या कपाटात जाणार, गोष्ट रेकॉर्ड होणार आणि लेबलं टाइप करायला मी. मिस लोरेटा म्हणून ब्याऐंशी वर्षांच्या बाई आहेत, त्यांनी पणजीचा बिडाचा तवा आणला. पणजीच्या आईचं नाव त्या तीस वर्षं शोधताहेत. गुलामांच्या जुन्या याद्यांत तिचं वय सापडतं, बाई की पुरुष ते सापडतं, मालकाचं तर पूर्ण नाव सापडतं. तिचं नाही. हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात सांगितलं. माझ्या मात्र टाइप करताना चुका व्हायला लागल्या.

मग त्यांनी मला धरलं. "सव्वीस वर्षं इथे राहतोयस, हनी, यू आर लोकल हिस्टरी टू." मला उगाच मोठेपणा वाटला. गेल्या शनिवारी पितळेचा तांब्या घेऊन गेलो, आपल्या देवघराशेजारच्या फळीवरचा. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात, लग्नकार्यात दहा घरची भांडी एकत्र आली की बदलून जाऊ नयेत म्हणून, असं मी ऐटीत सांगितलं. मिस लोरेटांनी कोरलेल्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, हे कुणाचं नाव? आणि तोंडातून निघून गेलं ते वर्षानुवर्षं घोटलेलंच. ठाऊक नाही, कुणाच्या तरी लग्नात बदलून आलाय. लोक हसले. मीच लेबल टाइप केलं, मूळ मालक अज्ञात.

मिस लोरेटा तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग नाव मोठ्या अक्षरांत घाल, त्या घरचं कुणी शोधत असेल.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. तुला आठवतं का, हेच तू नऊ वर्षांची असताना मला विचारलं होतंस? आजी तेव्हा इथे आली होती. तू नुकती मराठी अक्षरं शिकत होतीस, तांब्यावरचं 'सोनकांबळे' बोट फिरवत वाचलंस आणि म्हणालीस, "बट वी आर माळेगावकर." मी तुलाही लग्नाचीच गोष्ट सांगितली. तू रडकुंडीला आलीस. "देन वी शुड गिव्ह इट बॅक, बाबा." आजी सिंकपाशी तोच तांब्या चिंचेने घासत होती. तिने घासणं थांबवलं नाही. तिचं ते न थांबणं मी आजतागायत विसरलो नाही.

सावनी, तो तांब्या कुणाच्याही लग्नात बदलून येणं शक्यच नव्हतं. गावात आमच्या भांड्यांना कुणी हात लावत नसे. आम्ही दलित, वस्ती गावाच्या कडेला, पंगत वेगळी, पाणी वेगळं. तरी माझ्या वडिलांनी, तुझ्या आजोबांनी, पहिल्या पगारातून तांब्या घेतला आणि तालुक्याला जाऊन त्यावर नाव घालून घेतलं. धों. रा. सोनकांबळे. कुणाला दाखवायला घातलं असेल, देव जाणे. माळेगावकर मी झालो, बाविसाव्या वर्षी, राजपत्रात जाहिरात देऊन. हॉस्टेलवर आडनाव विचारून झालं की पुढचं बोलणं कसं बदलायचं ते तुला कधी भेटल्यावर सांगेन. मला त्याचा कंटाळा आला होता. तुला त्यातलं काहीच लागू नये असं वाटलं आणि तुझ्यापासून तुझाच आजोबा लपवला. याची मला लाज वाटते, आडनावाची नव्हे.

दुरुस्त लेबलावर दोन्ही आडनावं असतील आणि ते वेबसाइटवरही जाईल, तुझ्या नावाने शोधणाऱ्यालाही सापडेल. म्हणून आधी तुला कळायला हवं होतं. तू नको म्हणालीस तरी शुक्रवारी मी जाणार आहे, पण रागावून का होईना, शनिवारी ते काचेचं कपाट लोकांना खुलं होईल तेव्हा तू यावंस असं फार वाटतं. आणखी एकच सांगतो. मी नाव बदललं तेव्हा दादा, म्हणजे तुझे आजोबा, काही बोलले नाहीत. फक्त आधी हॉस्टेलच्या, मग नोकरीच्या पत्त्यावर त्यांची पत्रं यायची, त्यावर त्यांनी पाठवणाऱ्याचं नाव लिहिणं बंद केलं. पोराच्या मित्रांनी वाचू नये म्हणून. अकरा वर्षं, ते जाईपर्यंत, ती जागा कोरी. या पाकिटाच्या मागे मी ती भरली आहे. चुकून दुसऱ्या कुणाचं पत्र आलं असं वाटलं असेल तुला. चुकून आलेलं नाही.

तुझाच बाबा,
पुरुषोत्तम धोंडिबा सोनकांबळे