कानातली गोगलगाय

३ जानेवारी १९७६
कानाचे डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, लिहितात. आज चित्रच काढून दिलं. पडद्यामागं तीन इवलाली हाडं, त्यांच्या आत गोगलगाईच्या पाठीवर असतो तसा शंख. शंखात पाणी. आवाजानं पाणी हलतं, पाण्यातले बारीक केस वाकतात आणि शिरेतून वीज मेंदूकडं जाते. ती वीज म्हणजे ऐकणं! क्षयाच्या इंजेक्शनांनी मला जगवलं आणि ते केस मारले. पुन्हा उगवत नाहीत म्हणे.

कानात घालायचं यंत्र? — "ते आवाज मोठा करतं. पण वाकायला केसच नाहीत." खाली लिहिलं — "शीर बहुधा जिवंत आहे. परदेशात शंखात तार घालून शिरेला थेट वीज देऊन बघतायत. काहींना आवाज कळतो, शब्द नाही. आपल्याकडे अजून नाही."

अजून! कशाला लिहिलं ते?

४ जानेवारी
अप्पांनी तो कागद चुलीत घातला.

११ जानेवारी
वळसंगचं स्थळ येऊन गेलं. मुलगा शिवयोगी, खताचं दुकान. कुणाला काही कळलं नाही! सगळी माझ्या आईची, अव्वाची करामत. तिची हयात मिलमध्ये गेली. तिथं यंत्रांच्या खडखडाटात बायका आवाज न काढता ओठांनीच बोलतात. वर्षभर तिनं मला तेच शिकवलं. आज पाहुण्यांच्या मागं उभी राहून ती त्यांचा एकेक प्रश्न मला ओठांनी सांगत होती. मी फटाफट उत्तरं दिली. परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटलं.

१२ जानेवारी
होकार आला. घरात पेढे. पण सासरी माझ्यासमोर अव्वा थोडीच उभी असणार? एक दिवस मागून हाक मारतील, मी वळणार नाही. फसवलं म्हणून परत आणून सोडतील.

अप्पांना म्हटलं, मी त्यांना सांगते. "तोंड उघडलंस तर धाकटीचं बी लगीन हुनार न्हाय. कळलं की?"

कळलं. मला सगळं कळतं, हीच तर पंचाईत!

२० जानेवारी
अव्वा म्हणते, लग्न झाल्यावर हळूहळू सांगू. लग्न झाल्यावर!!

१ फेब्रुवारी
शिवयोगी आणि त्याची आई साखरपुड्याचं ठरवायला आले होते. जाताना समोरच्या बंद दुकानाच्या पायरीशी थांबले. मी माडीच्या खिडकीत. जवळपास कुणी नाही म्हणून निवांत बोलत होते, तोंडं माझ्याकडं, ओठ स्पष्ट दिसत होते.

आई — "पोरगी बहिरी हाय. बघाया आलो तवा मागं ताट आपटलं मी, हलली सुदिक न्हाय."

तो हसला! "बरंच की. अक्कलकोटच्या बाईचं कुणी येऊन सांगितलं तरी हिला काय ऐकू येनार?"

आई — "तिचं लेकरू आता चालाया लागलंय. पैलं तुझं नाव सांगंल ते. जपून ऱ्हा."

धावत खाली येऊन सांगितलं. अव्वाला खरं वाटलं. अप्पा म्हणाले, "एवढ्या लांबनं काय दिसतंय? गप ऱ्हा." कोंडून घातल्यासारखं झालंय.

८ फेब्रुवारी
साखरपुडा. ओटी भरायला त्याची आई पुढं आली तशी मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं — मी बहिरी आहे, आणि या माणसाला अक्कलकोटला बाई आहे, लेकरू आहे. किती मोठ्यानं बोलले ते मला समजलं नाही. आमच्या शुक्रवार पेठेतली समोरची सगळी दारं उघडली.