आत्मविश्वासाला प्रॉम्प्टर लागत नाही

ती. अनुसयाआत्या,

जयपूरच्या भट्टीतून प्रज्ञाचा सप्रेम जय भीम. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे आई बरी, बाबा बरे, कूलर बरा नाही. तो नुसता आवाज करतो, हवा देत नाही. (बाबा म्हणतात, घरात तसं आणखी एक माणूस आहे. ते माणूस म्हणजे मी.)

तर आत्या, खुर्ची ओढून बस, कारण तुझी भाची आता साधीसुधी राहिलेली नाही. महाराष्ट्र दिनाला आमच्या रेल्वे कॉलनीच्या मराठी मंडळात माझं नाटक झालं. लेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, सगळं मीच. विषय आत्मविश्वास. पण आत्मविश्वास म्हणजे काय, हे मी भाषण देऊन सांगितलं नाही, त्याचं अख्खं खानदानच स्टेजवर आणलं. खात्री ही थोरली बहीण, तिला सगळं लेखी लागतं. हिंमत धाकटी, कुणाला न विचारता घराबाहेर पडते. भरवसा हा काका, कायम दुसऱ्याच्या घरी मुक्काम. आणि फाजील आत्मविश्वास म्हणजे जावई, काही येत नसताना सगळ्यांना शिकवणारा. (हे काम आमच्या बंधुराजांना, म्हणजे निलयला दिलं. त्याला वेगळी तालीम लागली नाही.) आई झाली धीर. बाबांनी मात्र आधीच बजावलेलं, हे एक नाटक कर. बाहेरगावचं बोलावणं आलं तर तू लेखिका, नाही आलं तर सोमवारपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास. वैशाली नगरमधल्या क्लासचं माहितीपत्रक फ्रिजवर चिकटवलं पण होतं.

आता आमच्या मंडळाची एक रीत तुला सांगायला हवी. मे महिन्यात हॉलमध्ये चार मोठे कूलर लावतात, त्यामुळे विंगेतल्या प्रॉम्प्टरला ओरडावं लागतं. प्रॉम्प्टर कायमचे ठरलेले, रिटायर्ड गार्ड शामरावकाका. त्यांचा आवाज कूलरच्या वाऱ्यावर बसून आधी शेवटच्या रांगेत पोचतो आणि मग नटाच्या कानात. म्हणजे प्रत्येक विनोदाला लोक दोनदा हसतात. मला हे सहन होईना. ज्याचा विषयच आत्मविश्वास, त्या नाटकाला प्रॉम्प्टर? मी काकांना नम्रपणे कळवलं की यंदा तुम्ही पहिल्या रांगेत आराम करा. काका म्हणाले, "पोरी, आत्मविश्वास तुझा, ते ठीक आहे. पाठांतर कुणाचं?" मी हसले. (तेव्हा हसू येत होतं.)

पडदा उघडला. मी मधोमध आले, हात पसरले आणि पहिलं वाक्य म्हटलं, "मी कोण?" आणि आत्या, दुसरं वाक्य गेलं. मतलब गेलंच. चार कूलर आणि मी, एवढेच हॉलमध्ये उरलो. म्हणून मी पुन्हा विचारलं, "मी कोण?" तिसऱ्या रांगेतून एक काकू म्हणाल्या, "अगं असं काय करतेस, सर्जेरावांची प्रज्ञा ना तू!" मागून कुणीतरी, "बिचारीला ऊन लागलं वाटतं." तेवढ्यात निलय आपली वेळ झाली नसताना घुसला आणि "घाबरू नका, मतलब, मी आहे ना!" असं म्हणून स्वतःच गप्प झाला. मग उलट्या बाजूने धीर आला, हातात पाण्याची बाटली घेऊन. "आधी पाणी पी, नाटक कुठे पळून जात नाही," आई म्हणाली. लोक टाळ्या वाजवायला लागले. सगळे काकांकडे बघायला लागले, तसे काका उठून ओरडले, "माझ्याकडे काय बघता? मला स्क्रिप्टच दिलेली नाही!" हॉल कोसळला.

पाहुण्या म्हणून तुमच्या नाशिकच्या प्रायोगिक नाट्यमहोत्सवाच्या एक बाई आल्या होत्या. त्या डोळे पुसत स्टेजवर आल्या. म्हणाल्या, आत्मविश्वास जातानाचा क्षण इतका खरा कधी पाहिला नाही, आणि प्रेक्षकांनाच त्याचे नातेवाईक करणं ही केवढी कल्पना! नाशिकला या, पण हे अगदी असंच करा. मी म्हटलं, रचनाच तशी आहे. (आता आहे.)

घरी जाताना बाबांनी राजा पार्कला स्कूटर थांबवली, कुल्फी घेतली आणि कुल्फीवाल्याला सांगितलं, "भैया, मेरी बेटी राइटर है." त्याने विचारलं नव्हतं. घरी येऊन फ्रिजवरचं माहितीपत्रक त्यांनी स्वतः काढलं. आत्या, त्या रात्री मला आत्मविश्वास या शब्दाचा अर्थ कळला. तो उंचीत मोजतात, आणि मी एका कुल्फीत वीतभर वाढले.

तुझी मान वर करून चालणारी
प्रज्ञा

ता. क. प्रयोग पुढच्या महिन्यात आहे. नाशिकचे प्रेक्षक जाणकार असतात म्हणे, म्हणजे कुणी मधे बोलणार नाही. तेव्हा तुझ्या भिशीच्या मैत्रिणींना घेऊन तिसऱ्या रांगेत बस. कुणी काय ओरडायचं ते सोबत लिहून पाठवलंय. "ऊन लागलं वाटतं" हे जरा कळवळून यायला हवं. तालीम घे.

ता. क. २. माझं दुसरं वाक्य तेव्हा पाठ होत नव्हतं. पण आता ते विसरायचंच आहे, म्हणून ते विसरण्याची प्रॅक्टिस चालू आहे, तर हल्ली नेमकं आठवतं.

ता. क. ३. बाबा तुझ्याच शेजारी बसणार आहेत. त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास बसलाय, आणि घरात निदान एकाचा तरी असायला हवा.