न चाखलेला गोड-खारा चिवडा

मु. पो. चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी
मंगळवार

राजमान्य राजश्री व्याहीबुवा याकोबराव निर्मळ, मुक्काम जालना, यांना बन्सीधरचा रामराम आणि सलाम.

(तुमच्याकडं सलाम म्हणतात हे सूनबाईकडून कळलं. नुसता सलाम लिहावा तर तुम्ही म्हणाल, चेष्टा करायलाय. नुसता रामराम लिहावा तर म्हणाल, मुद्दाम केलं. म्हणून दोन्ही लिहिले. जो पटेल तो ठेवून घ्या.)

तुमची तब्येत कशी आहे? विहीणबाईंना नमस्कार. आमच्याकडं सगळं ठीक आहे, म्हणजे माणसं ठीक आहेत, माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव भागवत असं वाचून तुम्ही बुचकळ्यात पडला असाल. भागवत म्हणजे आमच्या स्टेशनासमोरचा चहा-भज्यांचा हॉटेलवाला. माझं नाव बघून तुम्ही पाकीट न फोडताच चुलीत घालाल अशी धास्ती वाटली, म्हणून त्याचं घातलं. लग्नाला वर्ष होत आलं, तुम्ही माझा फोन उचलत नाही, आमच्या योगीराजचा उचलत नाही, पोटच्या पोरीचाही उचलत नाही. पोरांनी रजिस्टर लग्न केलं याचा राग तुमच्या डोक्यात आहे, ते मी समजू शकतो. मलाही मांडव घालायचा होता, दोन गावं जेवायला घालायची होती. पण राग धरायला एक माणूस पुरे होतं हो, तुम्ही माझ्याही वाटचा धरून बसलात.

आता तुमच्या कृपाबद्दल लिहितो, कारण काळजी तिचीच आहे. पोर लाखात एक आहे. पूर्ण्याच्या दवाखान्यात नर्सची ड्युटी करून येते, आल्यावर आमच्या मंडळींच्या, म्हणजे पार्वतीच्या, पायाला तेल लावून देते. पण हा तुमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागल्यापासून तिचा चेहरा उतरलाय. एक वेळ जेवते, गोड तोंडात घालत नाही, आणि संध्याकाळी फोन हातात घेऊन ओसरीवर बसते. लावत कुणालाच नाही, नुसती बघत राहते. मागं एकदा मेथी निवडताना पार्वतीला म्हणाली की ईस्टरच्या दिवशी पहाटेच्या प्रार्थनेहून घरी आलं की आमच्या घरी गोड-खारा चिवडा असतो, आणि बाबा पहिली मूठ स्वतः माझ्या हातावर ठेवतात, मगच बाकीच्यांना मिळतो. एवढं बोलून निवडलेली मेथी काड्यांत टाकायला लागली. त्या रात्री पार्वतीनं मला फर्मान सोडलं की यंदा हा चिवडा आपल्या घरात झालाच पाहिजे, नाहीतर पोर सणाच्या दिवशी माहेराच्या आठवणीनं आजारी पडेल. मी शेतकरी माणूस, मला तूर कळते, हरभरा कळतो. चिवडा मी फक्त खाल्लेला. पण नाही कसं म्हणणार?

पहिली फजिती सांगतो. हसू नका, किंवा हसा, हसलात तर बरंच होईल. आमच्यात कसं असतं, महाशिवरात्र असो की एकादशी, सण मोठा असला की उपवासही मोठा. कृपा तर महिनाभरापासून उपवास करायलीय. मग ज्या सणासाठी एवढे दिवस उपवास, त्या सणाच्या दिवशी किती कडक उपवास असेल, असा आम्ही दोघांनी बसून हिशोब केला. म्हणून सगळा चिवडा उपवासाचा केला. बटाट्याचा कीस वाळवला, साबुदाणा तळला, शेंगदाणे घातले, सैंधव मीठ घातलं, हळद-हिंगाला हात लावला नाही. तेलाची कढई वेगळी, झारा वेगळा. पार्वती तर सोवळ्यात. एवढं करून पातेलं भरलं आणि योगीराज दुकान बंद करून आला. त्याला मोठ्या ऐटीत दाखवलं. तो पातेल्याकडं बघतो, आईकडं बघतो आणि कपाळाला हात लावतो. म्हणतो, अगं आई, त्या दिवशी उपवास सुटतो, त्या दिवशी लोक मटण खातात! पार्वतीनं पातेल्यावर झाकण ठेवलं. (आमच्या घरी माळ आहे, मटणाचं नावही चुलीजवळ निघत नाही. पण तो विषय इथं नको, त्यावर आमचं स्वतंत्र बोलणं चालू आहे आणि पार्वती अर्ध्यावर आलीय. मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, आणि तिनं तिकडं बघायचं नाही, इथपर्यंत.) तो उपवासाचा चिवडा एकादशीला आम्हीच फस्त केला. कृपानं विचारलं, एवढा कशाला केला, तर मी म्हणालो, मला आवडतो म्हणून. तेव्हापासून ती बिचारी माझ्या ताटात रोज आठवणीनं साबुदाण्याचं काहीतरी वाढायलीय आणि मला ते खावं लागायलंय.

मग दुसरा घाट घातला. योगीराजकडून माहिती काढली की त्यात मुरमुरे, शेव, तळलेली डाळ, शेंगदाणे, बारीक शंकरपाळे, मनुका आणि साखरेच्या रंगीत छोट्या अंड्यांसारख्या गोळ्या असतात. आता चुडाव्यात रंगीत अंडी कुठून आणू? पूर्ण्याला गेलो, परभणीला गेलो. एका दुकानदारानं मला कोंबडीखान्याचा पत्ता दिला. शेवटी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या आणल्या आणि पाडव्याच्या उरलेल्या साखरेच्या गाठी बत्त्यानं फोडून घेतल्या. कृपा ड्युटीवर गेली की आम्ही कामाला लागायचो. भागवतला मदतीला बोलावलं, कारण तो रोज तळतो. तो आला तो आपण ह्या घरचे जावई असल्याच्या थाटात, आणि खुर्ची मागितली. शेव त्यानं चांगली पाडली, खोटं कशाला बोलू. पण चिवडा गरम असतानाच त्यात रंगीत गोळ्या ओतल्या आणि वर मला सांगतो की वाफेनं चव मुरते. चव कुठं मुरली ठाऊक नाही, रंग मात्र मुरला. मुरमुरे गुलाबी झाले, डाळ हिरवी झाली, आणि शंकरपाळ्यांवर असे डाग पडले की पार्वती म्हणाली, ह्यांना गोवर निघाला.

रंगाचं मी मनावर घेतलं नाही. खरी धास्ती चवीची आहे. व्याहीबुवा, तो चिवडा आजतागायत कुणीही चाखलेला नाही! पार्वतीचा कायदा असा की देवाच्या सणाचं आहे, म्हणजे नैवेद्याचं आहे, आणि नैवेद्याला आधी तोंड लावायचं नाही, मग देव कुणाचाही असो. भागवत म्हणाला, काकू, मीठ बघायला एक दाणा घेतो. तिनं झारा उगारला. आता न चाखता मीठ घालायचं म्हणजे अंदाजानं. पार्वतीनं तिच्या अंदाजानं घातलं आणि हात धुवायला गेली. ती विसरली असेल म्हणून मी माझ्या अंदाजानं घातलं. मी गुरांना पेंड टाकायला गेलो तेवढ्यात भागवतनं हॉटेलच्या अंदाजानं घातलं. आणि हॉटेलचा अंदाज म्हणजे काय, तर माणसानं भजी खाऊन वर दोन चहा घेतले पाहिजेत. हे तिघांच्या बोलण्यातून उघड झालं तेव्हा चिवडा गार होऊन डब्यात गेला होता. मग खारट झाला असेल ह्या भीतीनं पार्वतीनं वरून पिठीसाखर भुरभुरली. मीही गुपचूप थोडी घातली. भागवतचं मी विचारलंच नाही, माझ्यात तेवढी ताकद राहिली नव्हती. एवढं नक्की की गोड पण आहे आणि खारा पण आहे. किती, ते वरच्यालाच माहीत.

डबा आता कोठीवर, फडक्यात बांधून ठेवलाय. मी येता-जाता त्याच्याकडं बघतो. झोप लागत नाही. एवढ्या हौसेनं केलेला चिवडा पोरीनं सणाच्या दिवशी तोंडात टाकला आणि थू थू करत मोरीकडं पळाली तर? त्याहून वाईट म्हणजे, वाईट वाटू नये म्हणून गोड हसून सगळा खाल्ला तर? ती तसं करील, साबुदाण्यावरून मी तिला ओळखून आहे. म्हणून मी पार्वतीला म्हणालो, बाई, तुझा नैवेद्य दाखवायचा कुणापुढं ते तरी सांग, म्हणजे लवकर दाखवून एक घास खाऊन बघू. पण त्यांच्यात मूर्ती नसते, ताट ठेवायचं तरी कुठं? ह्यावर ती दिवसभर विचारात होती. भाकरी करपली तेही तिला कळलं नाही. संध्याकाळी निकाल दिला. म्हणाली, त्यांच्यात पहिली मूठ बाप देतो ना, मग त्यांचा नैवेद्य तोच. पोरीच्या बापानं डब्यात हात घातल्याशिवाय ह्या घरात तो डबा कुणी उघडायचा न्हाई, मग त्याला किडे पडले तरी चालतील.

तर अशी परिस्थिती आहे. डबा तुमच्यावाचून अडलाय. बाकी सर्व क्षेम. पाऊसपाण्याचं अजून लांब आहे, हळद उकडून झाली, ह्या साली रंग बरा आहे (हळदीचा म्हणतोय). विहीणबाईंना पुन्हा नमस्कार सांगावा. कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर पदरात घ्यावं.

तुमचा, तुम्ही म्हणा अगर न म्हणा, व्याही
बन्सीधर

ता. क. : हे पत्र फक्त एवढ्यासाठी लिहिलंय की तुमच्या घरी एका पायलीच्या चिवड्याला मीठ किती घालतात ते कळवावं. दुसरं काही कारण नाही.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. खोटा आहे. मीठ काय आता काढता येतंय थोडंच. व्याहीबुवा, रविवारी सणाला या. जालन्याहून आमच्याकडं गाडी आहे, पॅसेंजर चुडाव्याला थांबते, स्टेशनवर मी उभा असेन. माझ्याशी बोलायचं नसलं तर बोलू नका, मी पुढं चालेन, तुम्ही मागून या. तुम्ही सांगितलं असतं तर मी तुमच्या पायावर टोपी ठेवली असती, तुम्ही सांगितलंच नाही. मुलाचा बाप असून मुलीच्या बापाची विनवणी करायलाय म्हणून गाव मला हसतंय, हसू दे. मला त्या पोरीचं ओसरीवर बसणं बघवत नाही. आमच्या घरात तिला काही कमी नाही, पण तुमची जागा आम्हाला भरता येत नाही. मी प्रयत्न केला. माझ्या हातून चिवडासुद्धा नीट झाला नाही.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात पार्वतीनं सांगितलं म्हणून लिहितो. तिनं काल विहीणबाईंना फोन केला होता. नैवेद्याबद्दलचा तिचा निकाल बरोबर आहे का एवढंच विचारायला, असं ती म्हणते. दोघी तासभर बोलल्या आणि बराच वेळ रडल्या. विहीणबाई शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येणार आहेत. तुम्हाला त्या सांगणार आहेत की मावशीच्या घरी प्रार्थना आहे. म्हणजे तुम्ही नाही आलात तर सण तुम्हाला घरी एकट्यालाच करावा लागेल, आणि ज्या दिवशी सगळ्यांचे उपवास सुटतात त्या दिवशी तुम्हाला कडक उपवास घडेल. हे मी सांगितलं असं विहीणबाईंना कळू देऊ नका, पार्वतीला तर मुळीच नको.

आणि एक. आई येणार हे कृपाला आज कळलं. तिनं लगेच फळीवरची दोन ताटं काढून घासायला घेतली. पार्वती म्हणाली, अगं, एकच माणूस वाढलंय, दोन कशाला घासतेस? कृपा घासतच राहिली. दुसरं ताट पुसून, पालथं न घालता, तिनं आपल्या ताटाशेजारी ठेवून दिलं.