कोरी काच

उस्ताद, तुमच्याशी मी एकदाच खोटं बोललो, आणि ते तुम्ही बिनबोभाट खरं मानलंत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. मी तब्येतीपायी जिनिंगची नोकरी सोडली असंच अजून सगळे समजतात, कारण तुम्हीच तसं सांगत फिरलात. तेही खरंच होतं. पण त्याच्या आत ते खोटं दडलेलं आहे आणि या वयात ते मला झेपत नाही.

साठ सालानंतरचे ते हंगाम. पांढरकवड्याचं ते जिनिंग, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत बायलर, आणि बायलरच्या अंगावरची ती वीतभर काच. आत पाणी किती, हे तिच्यावरून कळायचं. पाणी फार उतरलं आणि आग तशीच राहिली, तर बायलर फुटणार. बारा-बारा तास मी त्या काचेकडे बघत असे. घास घशाखाली उतरत नसे, हात थरथरत, घरी बायको बोलत असली तरी मला वाफेचाच आवाज येई. पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलं होतं, "काच काठोकाठ भरली तरी कोरी दिसते, अन् पार सुकली तरी कोरीच दिसते. कोरी दिसली तं डोकं नको चालवू. काचेखालचा नळ खोल. पाणी आलं तं शुकर कर. वाफ आली तं आग भट्टीबाहेर ओढ अन् मले हाक मार."

त्या दुपारी काच कोरी दिसली. तुम्ही बायलरच्या मागं उकिडवे बसून पंपाची गळती बंद करताय, तोंडानं काहीतरी गुणगुणताय. नळ माझ्यापासून दोन हातांवर आहे. मी नळाला हात लावत नाही. मी पळतो. दारातून, रुईच्या ढिगांमधून, कापूस निवडणाऱ्या बायांना धक्के देत पार फाटकाबाहेर, आणि एका बैलगाडीच्या आड कान दाबून बसतो.

काही झालं नाही. तुम्ही नळ खोललात, पाणी आलं. काच भरलेली होती. मी उठून आत आलो तर मुकादम माझ्या अंगावर धावला, काम टाकून पळाला म्हणून. तुम्ही हात पुसत मध्ये पडलात, "मीच धाडलं त्याले, बाया हटवाले. तू कायले तोंड सोडून राह्यला?" बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा कापूस निवडायला घेतला.

संध्याकाळी चहा पिताना तुम्ही हळूच विचारलंत, "पयाला तं पयाला. हाक काहून नाही मारली रे?"

"गळाच बसला, उस्ताद. आवाजच नाही फुटला."

"होते असं. भेव गळा धरते." तुम्ही बशीतला चहा संपवलात. "पण हे काम तुह्या पिंडाचं नाही. मरशीन एक दिवस, बायलर न फुटताच."

हंगाम संपायच्या आत मी नोकरी सोडली आणि शाळेत शिपाई झालो. पगार निम्मा, पण दोन महिन्यांत भाकरी गोड लागू लागली. हात स्थिरावले तसा लाकूड कोरायचा नाद लागला: तान्ह्या पोळ्याला पोरं ओढत नेतात ते चाकांचे नंदी. पटाशी तुम्हीच आणून दिलीत. माझा पहिला नंदी उलटासुलटा करून पाहिलात, "हा बैल होय का बकरा?" म्हणालात, आणि नातवासाठी तोच घेऊन गेलात. मला इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली, की चहा घ्या म्हणायचंही राहून गेलं.

तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा दोनदा सांगायला आलो. दोन्ही वेळा नंदीची शिंगं कशी बसवावीत यावर बोलून परतलो. तुमचा मुलगा इथंच राहतो, हा कागद त्याच्या हाती देता येईल. देणार नाही. त्या दिवशी आत त्याचा बाप होता.

गळा बसला नव्हता, उस्ताद. हाक ओठावर आली होती. मारायची तर क्षणभर थांबावं लागलं असतं.