चूक माझीच, म्हणाली ताई

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही पत्र फोडलंस, म्हणजे थोडी भीती अजून शिल्लक आहे. बरं वाटलं. तब्येतीची चौकशी करत नाही. शाळेच्या नव्या प्रयोगशाळेला तुझं नाव देताहेत, तेव्हा ठणठणीतच असशील.

बाबांचा नियम आठवतो? जेवायला बसलं की आपण दोघींनी दिवसभरातली चूक सांगायची. आपणहून सांगेल तिला शिक्षा नाही. अशाने पोरी सचोटीच्या होतील, असं त्यांना वाटायचं. मी सहा वर्षांची, केवळ मार चुकावा म्हणून खरं बोलायचे. तू नवव्या वर्षीच त्यातली मेख ओळखलीस. शाई सांडायचीस तू, आणि मी घास गिळायच्या आत म्हणायचीस, "चूक माझीच बाबा, मी दौत हिच्या हातात दिली." शाबासकी तुला, छडी मला. गंमत म्हणजे सोळाव्या वर्षीसुद्धा तू मला शहाणी म्हणावंस म्हणून मी काहीही अंगावर घेतलं असतं.

पुढे त्याच शाळेत तू विज्ञानाची बाई झालीस आणि मी प्रयोगशाळेत मदतनीस. अ‍ॅसिडचं कपाट तू उघडं टाकलंस, नववीतल्या मुलीचं मनगट भाजलं. मुख्याध्यापकांसमोर तू डोळ्यांत पाणी आणून म्हणालीस, "चूक माझीच सर, धाकट्या बहिणीवर आंधळा विश्वास टाकला." करून सवरून नामानिराळी! तुझ्या मोठेपणाचं कौतुक झालं, मला घरी बसवलं. मी गप्प राहिले, कारण बाबा अंथरुणावर होते आणि घराची अब्रू म्हणजेच नीती, असं मीही तेव्हा मानत होते. नंतर तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा पुसल्या.

लोक म्हणतात, वय झालं की माणूस निवळतो. मी निवळले नाही, आटले. खाली उरलं ते नुसतं तिखट. आता मला ना छडीची भीती, ना शाबासकीची भूक. बाबाही नाहीत.

गेल्या आठवड्यात ती मुलगी चष्मा करायला आली. आता ती शाळेच्या संस्थेची अध्यक्ष आहे. मनगटावरचा डाग तसाच आहे. मला ओळखून तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय. समारंभाला या, ताईंबद्दल दोन शब्द बोला." ताई, नोकरी गेली तेव्हा मी इतकी जळले नव्हते. तिची ती माफी तुझ्या वाट्याची आहे, आणि मी ती माझ्याजवळ ठेवणार नाही. शनिवारी समारंभात मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, की चूक माझीच, मी तीस वर्षं ताईचं खोटं झाकलं. तुझ्या हातात चार दिवस आहेत. त्याआधी तू तिच्याकडे जाऊन खरं बोललीस, तर मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. पण तू जाऊ नयेस अशीच माझी मनापासून इच्छा आहे, आणि ती तुझ्यापासून लपवायची नाही म्हणून हे पत्र.

तुझीच, अजूनही,
धाकटी