डाव्या बाजूचा आकडा

अण्णा, तुमच्या ॲम्प्लिफायरचं खालचं झाकण परवा उघडलं. तुम्ही गेल्यापासून तो कुणी लावलाच नव्हता. मी राहते ती जुईनगरची सोसायटी पाडून नवी बांधणार आहेत, महिनाअखेर घर रिकामं करायचं आहे. मुलगा म्हणाला, "आई, भाड्याच्या घरात हे धूड कुठे ठेवणार? देऊन टाक ना कुणाला, टेन्शन जाईल." मी म्हटलं, "उचलायचं तुला नाही, मग टेन्शन तुला कसलं?" पण त्याचं चुकत नव्हतं. जी वस्तू मी इतकी वर्षं चादर घालून ठेवली, ती न्यायची कशाला? आणि कुणाला द्यायची तर काय सांगून द्यायची? दोन्ही बाजू ठीक वाजतात, असं मी तुम्हाला एकदा सांगितलं होतं. ते खरं होतं की नाही, हे मला माहीत नव्हतं.

तुर्भ्याच्या आपल्या खोलीत रविवारी आईचं आवरून झालं की स्वयंपाकाचा ओटा तुमचा. ओट्याच्या कडेला हाताने फिरवायचं वायंडिंगचं यंत्र आवळलेलं. कारखान्यात सहा दिवस ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायची आणि सातव्या दिवशी घरी तेच. आई म्हणायची, "ह्यांचं लगीन माझ्याशी झालंय का रिळाशी, कुणी सांगंल का?" तुम्ही हसायचा, पण हात थांबत नसे. बारीक तारेचा थर, त्यावर कागद, मग जाड तारेचा थर, पुन्हा कागद, पुन्हा बारीक तार. आईच्या घडीच्या पोळ्यांसारखं. सगळी बारीक तार एकदम गुंडाळून मग जाड का नाही, सोपं जाईल, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "लांब लांब बसवल्या तर एकीचं दुसरीला नीट पोचत न्हाय. बारीक सूर मधीच ऱ्हात्यात." एकदा वेढे मोजता मोजता मी तुम्हाला माझी कंपासपेटी कुठे आहे ते विचारलं आणि तुमचा आकडा चुकला. तुम्ही अख्खा थर उलगडायला घेतलात. मी म्हटलं, दोन-चार वेढ्यांनी काय होतं, अंदाजाने पुढे जा की. त्यावर जे बोललात ते मी आयुष्यभर इतरांना ऐकवलं आहे: "चुकल्याला वेढा वरनं दिसत न्हाय बाळ, पर आत ऱ्हातो. आन् हितनं पुढं मी मोजत असताना तोंड उघडायचं न्हाय."

तुमचे कान तेव्हाच गेले होते. ट्रान्सफॉर्मरचे पत्रे कापणाऱ्या प्रेसशेजारी तुमची जागा होती. ओट्याशी उभे असूनही कुकरची शिट्टी तुम्हाला ऐकू येत नसे, आई खांद्याला हात लावून सांगायची. तरुणपणी कुणाच्या तरी घरी तुम्ही व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, स्टिरिओ ऐकला होता. तबल्यावर बोट टेकलेलं कळत होतं, म्हणायचा. तसा एक स्वतः करायचा, एवढं एकच खूळ. मी बीएस्सीला फिजिक्स घेतलेलं, म्हणून मला समोर बसवून सांगायचा. पट्टीचा व्हॉल्व्हसुद्धा आवाजाला थोडा वाकवतोच. म्हणून दोन व्हॉल्व्ह समोरासमोर लावायचे, करवतीच्या दोन टोकांना दोन माणसं असतात तसे. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. जोडी सारखी असली तर एकाचा बाक बराचसा दुसऱ्याच्या बाकात जिरतो. तरी जे उरतं त्यासाठी, बाहेर पडलेल्या आवाजातला थोडा भाग मागे आणायचा, उलटा करायचा आणि आत येणाऱ्यात मिसळायचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच खोडतं. मी ताठ मानेने सांगितलं, "पण अण्णा, त्याने आवाज कमी होतो. कमावलेली ताकद फुकट घालवायची?" तुम्ही म्हणालात, "मोठा कुनाला पायजेल? खरा पायजे."

आणि मग तो दिवस. उद्या माझी प्रॅक्टिकलची परीक्षा आहे. मी वही हातात घेऊन खिडकीशी उभी आहे. तुम्ही तीच तबकडी दोनदा लावता, आधी फक्त डावी बाजू, मग फक्त उजवी. दोन्ही वेळा स्पीकरकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघता. "माझ्या कानांचा भरवसा न्हाय. तू सांग बघू. डावी फाटतीय का?" मी मनात लेन्सचं सूत्र म्हणते आहे. "ठीक आहे," मी म्हणते. "दोन्ही सारख्या." तुम्ही मान हलवता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परीक्षेहून येते तेव्हा तुम्ही झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळत असता. म्हणता, "तू पास केलास. आता उघडायचा न्हाय."

मी ऐकलंच नव्हतं, अण्णा. त्यानंतर तो वाजायला लागला की मी नळ सोडून भांडी घासायला बसायची. डावी बाजू फाटकी निघाली तर ते ऐकायचं धैर्य मला नव्हतं. पुढे तीस वर्षं न्हावा शेव्याला कस्टम एजंटच्या ऑफिसात मी एकच काम केलं, कंटेनरचे कागद एकमेकांशी ताडून बघणं. यादीत एक, बिलात दुसरं असेल तर फाइल परत. "मॅडम, एका अक्षराने काय होतंय, सोडा की," असं म्हणणाऱ्याला मी चुकलेल्या वेढ्याची गोष्ट सांगायची. न तपासता पास केलेली एकच वस्तू चादरीखाली माझ्या घरात होती, हे त्यांच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं.

सानपाडा गावातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकला बोलावलं. माझ्याच वयाचे असतील. उलटा करून बघताच म्हणाले, "ताई, यो कंपनीचा नाय हाय. कोनी बांधला?"

"माझ्या वडिलांनी."

"इंजिनेर होतं?"

"सातवी पास. वायंडर होते."

त्यांनी पुन्हा एकदा आत वाकून पाहिलं. "तारंच्या जोडाला असा टाका तर आमच्या उस्तादाचा पन नव्हता." जुने कपॅसिटर त्यांनी बदलले, मग वायरीत मध्ये साधा बल्ब जोडला. मी म्हटलं, सरळ लावा ना. "इतक्या वर्सांचा निजलाय, ताई. एकदम उठवला तर भडकंल. तुमी पन तशाच दिसता." मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, पण हसू आलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. त्यांनी मोबाइल जोडून तबला लावला. डग्ग्यावरून तळहात सरकला तो मला दिसावा इतका स्पष्ट आला. डावीकडून आणि उजवीकडूनही. मी स्टुलावर बसले.

मग ते म्हणाले, "पन यो बटन कशाचा? आवाजाशी याचा काय संबंध नाय." आतल्या कोपऱ्यात एक छोटं फिरवायचं बटण, त्याच्याजवळ मीटर लावायची दोन भोकं. तारा कुठून कुठे जातात ते मी बोटाने बघत गेले आणि माझी बोटं थांबली. बाहेर आलेला आवाज त्या बटणाने आत जाणाऱ्याएवढा लहान करायचा आणि दोघांच्या मध्ये मीटर ठेवायचा. यंत्राने स्वतःचं काही मिसळलं नसेल तर काटा शून्याशी राहील. काटा हलेल तेवढी भेसळ यंत्राची. कान गेलेल्या माणसाने आवाजाचा खरेपणा डोळ्यांनी बघायची सोय केली होती, आणि फिजिक्सची पदवी घेतलेल्या मुलीला त्याचा पत्ता नव्हता.

झाकणाच्या आतल्या अंगाला तुमची पेन्सिल होती. उजवा, आणि एक आकडा. डावा, त्याच्या चौपट आकडा. शेजारी तुमच्या ठसठशीत अक्षरात: "बाळ म्हणते ठीक." त्याखाली "डाव्याची जोडी बदलली", आणि नवा आकडा, उजव्याइतकाच. म्हणजे डावी फाटत होती. मी परीक्षेला गेले तेव्हा तुम्ही मोजलंत, व्हॉल्व्ह बदललेत, पुन्हा मोजलंत, आणि संध्याकाळी माझ्यासमोर झाकण लावून म्हणालात, तू पास केलास. एका वेढ्यासाठी मला झापणारे तुम्ही यावर एक शब्द बोलला नाहीत. माझं म्हणणं खोडलंही नाहीत. जसं आलं तसं मीटरच्या आकड्याशेजारी लिहून ठेवलंत.

मेकॅनिकनी मीटर लावून बटण फिरवलं. काटा खाली येत येत जवळजवळ तुमच्याच आकड्यावर थांबला, दोन्ही बाजूंना. "बापरे," ते म्हणाले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एकही व्हॉल्व्ह सरळ नाही. वाकड्यासमोर वाकडा ठेवून, बाहेर पडलेलं पुन्हा आत आणून, तारेचे थर पोळीसारखे एकमेकांत घालून, तुर्भ्याच्या ओट्यावर तुम्ही ही सरळ वस्तू केलीत आणि स्वतः कधी धड ऐकली नाहीत.

ॲम्प्लिफायर माझ्याबरोबर भाड्याच्या घरी येणार आहे. मुलाला तसं सांगितलं. त्याने तो उचलूनही पाहिला. काल दुपारी वही न घेता, नळ बंद करून, मी त्याच्यासमोर तासभर बसले. आधी डावी बाजू ऐकली, मग उजवी. तुम्हाला खरं उत्तर द्यायचं होतं. पण काट्याने सांगितलं तेवढंच सांगते, अण्णा: दोन्ही सारख्या. माझ्याही कानांचा आता भरवसा नाही. डग्गा कळतो, पण गेले काही महिने कुकरची शिट्टी मला आतल्या खोलीत ऐकू येत नाही. घरात अजून कुणाला बोलले नाही.